म्हणे, या वयात खेळणी!

मंडळी, गेल्या काही महिन्यांत माझ्यावर तीन आरोप झाले आहेत. पहिला नातेवाइकांकडून : "या वयात खेळणी कसली जोडत बसता?" दुसरा ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थांकडून : "हे सगळं मोबाईलवर फिरवून फिरवून बघता येतं, मग गोंदाने हात कशाला बरबटायचे?" आणि तिसरा, सर्वांत गंभीर, शेजारच्या एका मुलाच्या घरून : "गुरुजी, तो आता नववीत गेला. त्याला यात गुंतवू नका."

आरोपी हजर आहे. वकील लावण्याची ऐपत नाही, त्यामुळे स्वतःची बाजू स्वतःच मांडतो. घरची मंडळीही इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा एका दगडात बरेच पक्षी!

प्रकरण असं आहे. मी प्लास्टिकची एक पाणबुडी जोडतो आहे. रशियन बनावटीची, 'किलो' वर्गातली. आपल्या नौदलात याच जातीला 'सिंधुघोष' वर्ग म्हणतात. १९८६ पासून २००० पर्यंत अशा १० पाणबुड्या आपण घेतल्या. खरी पाणबुडी ७२.६ मीटर लांब. माझं मॉडेल १:३५० प्रमाणातलं, म्हणजे जेमतेम २१ सेंटिमीटर. शाळेतल्या फुटपट्टीपेक्षा लहान! खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग येतात. ते नेलकटरसारख्या छोट्या पकडीने तोडायचे, कापलेली जागा कानशीने आणि पॉलिशपेपरने गुळगुळीत करायची, चिकटवायचे, फटीत लांबी भरायची, वाळली की पुन्हा घासायची, आणि मग रंग.

सोपं वाटतं ना? मलाही कोणी असं तीन ओळींत सांगितलं असतं तर सोपंच वाटलं असतं.

आता गणित मांडू. जुनी सवय, जात नाही. १:३५० म्हणजे मॉडेलवरचा १ मिलिमीटर हा खऱ्या बोटीवरचा ३५ सेंटिमीटर. पाणबुडीचं धड दोन अर्ध्या भागांत येतं, उजवं आणि डावं. ते जोडताना मध्ये ०.२ मिलिमीटरची फट राहिली, जी म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतही नाही, तर खऱ्या पाणबुडीत ती होईल ७ सेंटिमीटरची. ही पाणबुडी ३०० मीटरच्या आसपास खोल जाऊ शकते. तिथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलो, म्हणजे एका चौरस मीटरवर ३०० टन. आत ५० हून अधिक माणसं. या प्रमाणात एक माणूस किती उंच? ५ मिलिमीटरसुद्धा नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान.

शेजारच्या त्या मुलाला मी हे गणित घालत नव्हतो, त्याने ते मला घातलं. दोन अर्धे भाग हातात धरून तो म्हणाला, "गुरुजी, ही एवढी फट म्हणजे खऱ्यात किती?" वर्गात गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना अख्ख्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी आपणहून विचारला नाही. त्या धड्यात नेहमी मजूर भिंत बांधत असायचे, आणि भिंत कितीही दिवसांत पूर्ण झाली तरी मुलांना त्याचं सोयरसुतक नसायचं.

आता पहिला आरोप : खेळणं.

हो, आहे खेळणं. पण खेळण्याला तुच्छ समजणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. १९६१ साली अमेरिकेत रेव्हेल कंपनीने पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या अणुपाणबुडीचं मॉडेल बाजारात आणलं. किंमत तीन डॉलरांच्या आत. पाणबुडीचं अंतरंग उघडून दाखवणारं. ते पाहून संतापले कोण? अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक म्हणून ओळखले जाणारे अॅडमिरल हायमन रिकोव्हर! रशियाला जी माहिती मिळवायला प्रचंड पैसा ओतावा लागला असता ती या खोक्यात मुलांच्या खाऊच्या पैशांत मिळते आहे, अशी त्यांची तक्रार होती. माझ्या भाच्याला जे खेळणं वाटतं, त्याने त्या अॅडमिरलची झोप उडवली होती.

त्याच्या आधी, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडे विमानांची पाच लाख मॉडेल्स मागितली. शत्रूचं कोणतं, आपलं कोणतं, हे ओळखायला सैनिकांना शिकवण्यासाठी. १:७२ प्रमाणातली. त्याच वर्षी इंग्लंडात लिव्हरपूलला गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने एका खोलीच्या जमिनीवर चौकटी आखल्या, चिमुकल्या लाकडी बोटी मांडल्या आणि नौदलातल्या तरुण मुलींना बरोबर घेऊन जर्मन पाणबुड्या ताफ्यात शिरतात कशा हे 'खेळून' शोधून काढलं. त्यातून निघालेले डावपेच अटलांटिकमध्ये वापरले गेले. अॅडमिरल मॅक्स हॉर्टन, पहिल्या महायुद्धातले नामवंत पाणबुडी-कप्तान, त्या खोलीत पाणबुडीची बाजू घेऊन खेळायला बसले आणि जॅनेट ओकेल नावाच्या एका तरुण मुलीकडून पाच वेळा हरले. पाच वेळा! त्यांनी तिला "बाई गं, या वयात खेळणी?" असं विचारल्याची नोंद नाही.

इतक्या दूर जायलाही नको. आपल्या एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेल्स बनवणं हा रीतसर प्रशिक्षणाचा भाग आहे, त्याच्या देशपातळीवर स्पर्धा होतात. म्हणजे सरकारदरबारीही याला प्रतिष्ठा आहे. नाही ती फक्त आमच्या ओटीवर.

दुसरा आरोप : मोबाईलवर सगळं दिसतं.

दिसतं, मान्य. दिसण्याबद्दल वाद नाहीच. जयगडच्या किल्ल्यावरून रोज कोळशाची भलीमोठी जहाजं दिसतात. तवसाळची फेरीबोट दिसते. खाडीत लावगणला जहाजदुरुस्तीची गोदी आहे, तिथे डोलणारी जहाजं दिसतात. हे सगळं बघत मोठी झालेली इथली किती मुलं जहाज तरंगतं का, हे सांगू शकतील? डोळ्यांसमोर असणं आणि कळणं यांत खाडीएवढं अंतर आहे. ते पार करायचं तर हात लागतात.

उदाहरण देतो. हा शेजारचा मुलगा मच्छीमाराच्या घरातला. शाळेत तो 'साधारण'. आम्ही पाणबुडीचा मागचा पंखा लावायला घेतला तेव्हा तो थबकला. "याला सहा पाती कशाला? आमच्या बोटीला चारच आहेत." मग तोच बोलायला लागला. पात्याला पीळ किती असावा, पातं वाकलं की बोट कशी थरथरते, डिझेल कसं जास्त जातं, बापाबरोबर बोट किनाऱ्यावर ओढून पंखा कसा बदलला... मी ऐकत राहिलो. वर्गात जो मुलगा मान वर करत नाही तो मला अर्धा तास शिकवत होता!

मग आम्ही दोघांनी मिळून विचार केला. मच्छीमार बोटीला आवाजाची फिकीर नाही. पाणबुडीला तर आवाज म्हणजे मरण. पंखा जोरात फिरला की पात्यांवर पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि तो आवाज मैलोन्‌मैल जातो. म्हणून पाती जास्त, आणि फिरणं संथ. कित्येक देश नवी पाणबुडी पाण्यात सोडताना तिचा पंखा कापडाने झाकून ठेवतात, एवढं त्या आकाराचं महत्त्व. हे सांगितल्यावर तो मुलगा हातातल्या नखाएवढ्या पंख्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर कोणत्या ॲपमधून आणणार?

पुढच्या रविवारी बादलीत प्लास्टिकची बाटली बुडवून पाणबुडी खाली-वर कशी होते ते पाहिलं. किलो वर्गाच्या पाणबुडीला दुहेरी धड असतं, आतलं दाब सोसणारं आणि बाहेरचं. दोहोंच्या मधल्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलं की ती बुडते, हवेने ते बाहेर ढकललं की वर येते. आर्किमिडीज त्या बादलीतून बाहेर आला, पुस्तकातून नव्हे.

आणि एक गोष्ट मराठी माध्यमाच्या पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. खोक्यातल्या सूचना बहुतेक चित्रांच्या असतात. बाण, आकडे, आकृत्या. इंग्रजी येत नाही म्हणून कायम मागे सरकणारा मुलगा तिथे सगळ्यांच्या बरोबरीने उभा राहतो. मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. 'आपल्याला हे जमायचं नाही' हा न्यूनगंड काय चीज असते ते मला विचारा.

तिसरा आरोप : नववी.

इथे मी जरा चढ्या आवाजात बोलणार आहे, घरच्यांनी ब्लडप्रेशरची काळजी करू नये.

आपल्या शिक्षणातून हात हद्दपार झाले आहेत. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. आम्ही तिची टकळी केली आणि टकळीचा तास केला. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. आम्ही त्याचा वेळापत्रकातला असा तास केला की गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी त्याचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना प्रत्यक्ष कारागिरांकडे पाठवण्याची कल्पना आहे. कल्पना चांगलीच आहे. पण कागदावरच्या कल्पनेचं काय होतं हे मास्तराला सांगायला नको.

आणि आज 'प्रोजेक्ट' नावाचा जो प्रकार चालतो तो तर सरळसरळ फसवणूक आहे. ज्वालामुखी दुकानात मिळतो. पवनचक्की दुकानात मिळते. बाप पैसे देतो, आई रात्री जागून नाव चिकटवते, मुलाला दहापैकी नऊ! दिवाळीचा किल्लासुद्धा शहरात तयार मिळू लागला. प्लास्टरचा, रंगवलेला, तटबुरुजांसकट. दगड-माती गोळा करणं, चिखल मळणं, बुरूज कोसळला की पुन्हा उभारणं, अळीव पेरून रोज पाणी मारणं, हा महाराष्ट्रातल्या पोरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मॉडेल बनवण्याचा वर्ग होता. त्याला फी नव्हती. तो आपण आपल्या हाताने बंद करत आणला.

"मार्क मिळत नाहीत" हा यावरचा हुकमी एक्का. ठीक. तर मग हात गेले की काय होतं ते देशाच्या पातळीवर दाखवतो, आणि तेही पाणबुडीच्याच उदाहरणाने.

१९८१ मध्ये आपण जर्मनीशी पाणबुड्यांचा करार केला. दोन तिथे बांधल्या गेल्या, दोन आपल्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये. 'शल्की' १९९२ मध्ये नौदलात आली, 'शंकुल' १९९४ मध्ये. पाणबुडी बांधणं म्हणजे काय? जाड खास पोलादाची वर्तुळं करायची आणि ती अशी जोडायची की गोलाईत नावालाही फरक नको, वेल्डिंगमध्ये केसाएवढी चीर नको. आपल्या कामगारांनी ते शिकून, करून दाखवलं. पुढे त्या सौद्यात दलालीचे आरोप झाले, आणखी पाणबुड्या बांधण्याचा बेत बारगळला. माझगावची ती ओळ थंडावली. फ्रेंच स्कॉर्पिनचा करार झाला २००५ मध्ये. त्यातली पहिली 'कलवरी' नौदलात दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ ला, ठरल्यापेक्षा काही वर्षं उशिरा.

शंकुल ते कलवरी, २३ वर्षं! उशिराची कारणं अनेक असतील. पण जाणकार जे पुन्हा पुन्हा सांगत आले ते असं, की मधल्या काळात तयार झालेले हात विखुरले. कोणी निवृत्त झाले, कोणी दुसऱ्या कामाला लागले. नकाशे कपाटात राहतात, यंत्रं कुलपात राहतात, पण हातातली विद्या कपाटात राहत नाही. ती वापरली नाही तर मरते, आणि मग पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. केला आपण. 'खांदेरी' २०१९ मध्ये आली, थळजवळच्या त्या जलदुर्गाचं नाव घेऊन, आणि सहावी 'वाघशीर' जानेवारी २०२५ मध्ये. ज्यांनी ही वर्तुळं जोडली ते कोणाच्या तरी घरचे नववीतले मुलगे होतेच ना? त्यांच्या हातात लहानपणी काहीतरी आलं असेल, किमानपक्षी कोणी ते हिसकावून घेतलं नसेल.

या किनाऱ्याला तर हे सांगण्याचीही लाज वाटावी. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांच्या काळची गोदी आजही दिसते. त्या आरमाराच्या बोटी बांधणाऱ्यांनी कुठला क्लास लावला होता?

एक चौथा आक्षेपही आहे, आणि तो मी सर्वांत जास्त मानतो, कारण तो खोचक नाही, मनापासूनचा आहे. एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "तुम्ही सानेगुरुजींच्या गोष्टी सांगणारे, आणि मुलाच्या हातात माणसं मारायचं यंत्र देता?"

याला माझं उत्तर असं. सिंधुघोष वर्गातलीच एक 'सिंधुरक्षक'. १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत तिच्यात स्फोट झाले, ती धक्क्यालाच बुडाली आणि आतले १८ जण गेले. मॉडेलच्या पुढच्या टोकाला टॉर्पेडोची सहा तोंडं कोरलेली आहेत. तिथवर घासत आलो तेव्हा मी हे त्या मुलाला सांगितलं. तो त्या वेळी पाळण्यात असेल. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "धक्क्याला होती ना, मग ते बाहेर का नाही आले?" मी त्याला आतली रचना दाखवली. दारं किती अरुंद, कप्पे कसे बंद होतात, वर जायची वाट कुठे. त्यानंतर त्याने 'धुडूम धुडूम' असा खेळ एकदाही केला नाही. मोबाईलवरच्या युद्धाच्या खेळात मात्र मेलेला माणूस बटण दाबलं की पुन्हा उठतो. आता सांगा, मारणं सोपं कोण शिकवतंय?

दीवला जाल तेव्हा खुकरी स्मारक बघा. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेल्याचं जे आकडे सांगतात त्या अधिकाऱ्यांत कप्तानही आले. त्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काय ठेवलंय? काचेच्या पेटीत खुकरीचं मॉडेल. जे जहाज समुद्राच्या तळाशी आहे, ज्याला कोणी हात लावू शकत नाही, त्याची आठवण ठेवायला माणसांनी मॉडेलच बनवलं. तिथे कोणी त्याला खेळणं म्हणत नाही. 

राहिला पैशाचा प्रश्न. किट महाग असतं, खरं आहे. माझं अडीच हजाराला पडलं आणि चार महिने पुरलं. पण किटच हवं असं कुठे आहे? पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, नारळाच्या झावळीचा दांडा घ्या, पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्या. प्रमाण ठरवा, फुटपट्टी आणि कानस द्या, आणि मुख्य म्हणजे बाजूला व्हा. मुलाचं चुकू द्या. त्याने पहिल्यांदा चिकटवलेला मनोरा वाकडा बसला होता. त्याने तो स्वतः काढला, घासला, पुन्हा बसवला, रबरबँड लावून रात्रभर ठेवला. 'थांबणं' हा विषय कुठल्या बोर्डात आहे हो?

तर मंडळी, माझी बाजू मांडून झाली. भाच्याला सांगणं एवढंच की तुझ्या मुलाला मे महिन्यात इकडे पाठव, चार्जर घरी ठेवून. आणि शेजारच्या माउलीला हात जोडून विनंती. तुमच्या मुलाचं गणित मी तपासलंय, ते बिघडलेलं नाही, उलट सुधारलंय. क्लास सुरू राहू दे, माझी हरकत नाही. फक्त रविवारी सकाळचे दोन तास त्याला सोडा. पंखा अजून लावायचा राहिलाय, आणि तो कसा लावायचा हे आमच्या दोघांत त्यालाच जास्त कळतं.